गावचं सांडपाणी आणि प्रगत प्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आडावरून कळशीनं पाणी आणायचे दिवस होते, तेव्हा परसातल्या अळूला आणि केळीलाच सगळं सांडपाणी लागायचं. 2019 साली जलजीवन मिशन सुरू झालं, माणशी रोज 55 लिटर हे प्रमाण ठरलं आणि नळ दारात आले. पाणी घरात येण्याची योजना झाली. ते घराबाहेर पडून कुठे जाणार, याची योजना मात्र बहुतेक गावांत झालेली नाही. ग्रामसभेत, मासिक बैठकीत आणि पाहणीच्या वेळी ओढ्याकाठी उभ्या उभ्या सरपंच, सदस्य, बचत गटाच्या ताया आणि शेतकरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे उत्तरांसह दिले आहेत. साधारण पाच हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव डोळ्यांसमोर ठेवलं आहे.

आमच्या गावातून रोज किती सांडपाणी निघतं, हे कसं काढायचं?

कागदावरचा हिशेब सोपा आहे. लोकसंख्या 1500 असेल तर 55 लिटरच्या हिशेबानं रोज 82,500 लिटर पाणी गावात येतं. त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं असं धरतात, म्हणजे 66,000 लिटर.

पण कागदावर थांबू नका. ज्यांच्याकडे खासगी बोअर आहे ते 55 लिटरवर थांबत नाहीत, आणि जिथे नळ दिवसाआड येतो तिथे आकडा बराच खाली असतो. गोठे धुतल्याचं पाणी तर कुठल्याच हिशेबात नसतं. गावाचं पाणी जिथे ओढ्याला मिळतं तिथे 20 लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन जा. बादली 10 सेकंदांत भरली तर प्रवाह सेकंदाला 2 लिटर, म्हणजे तासाला 7,200 लिटर झाला. पहाटेपासून रात्रीपर्यंत तासातासाला मोजा. सकाळी धुणी-अंघोळीच्या वेळी प्रवाह दिवसाच्या सरासरीच्या तिप्पटही होऊ शकतो. उन्हाळ्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा असं मोजमाप केलं की टाक्यांचा आकार अंदाजपंचे ठरवावा लागत नाही. बारावी झालेली गावातली मुलं हे काम उत्तम करतात.

अंघोळीचं पाणी आणि संडासाचं पाणी एकत्र करावं की वेगळं ठेवावं?

वेगळं ठेवा. या पानावरची एकच गोष्ट पाळायची झाली तर ही पाळा.

अंघोळ, धुणी आणि भांड्यांच्या पाण्यात साबण, तेलकटपणा, अन्नाचे कण आणि माती असते. त्यात रोगजंतू असतात, पण शौचालयाच्या मैलापाण्याच्या तुलनेत फार कमी. जंतांची अंडी, जुलाबाचे जंतू आणि नायट्रोजनचा मोठा वाटा मैलापाण्यातून येतो. आकारमानानं मैलापाणी थोडं असतं, पण ते मिसळलं की सगळंच पाणी मैलापाणी होतं आणि मग सगळ्यावर महागडी प्रक्रिया करावी लागते. शहरांनी दोन्ही एका नळीत घातलं, कारण तिथे जागा नव्हती. गावात परसदार आहे, त्यामुळे शहराचा मार्ग धरायचं कारण नाही.

मग शौचालयाचं काय? आमच्याकडे सगळ्यांच्या सेप्टिक टँक आहेत.

सेप्टिक टँक असणं पुरेसं नाही. तिच्या बाहेर येणाऱ्या नळीचं तोंड कुठे आहे ते पाहा. बऱ्याच गावांत ती नळी सरळ उघड्या गटारात सोडलेली असते. टाकीत फक्त जड गाळ खाली बसतो. वरून निघणारं पाणी दिसायला निवळ असलं तरी रोगजंतूंनी भरलेलं असतं. त्या नळीला शोषखड्डा जोडणं हे गावातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठं सुधारणेचं काम आहे.

नवीन शौचालय बांधत असाल तर दोन शोषखड्ड्यांचं बांधा. एक खड्डा भरला की चेंबरमधून प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिला दीड ते दोन वर्षं बंद ठेवायचा. तेवढ्या काळात मैल्याचं वास नसलेलं खत होतं. विहीर किंवा हातपंपापासून किमान 10 मीटर अंतर ठेवा. आपल्याकडच्या काळ्या कातळाला भेगा असतात आणि भेगेतून पाणी गाळल्याविना लांबवर जातं, म्हणून उघड्या कातळाच्या गावात अंतर आणखी वाढवा.

बंदिस्त गटार बांधलं की प्रश्न मिटतो ना?

नाही. गटार पाणी वाहून नेतं, स्वच्छ करत नाही. गल्लीतला चिखल जातो, तो गावाच्या खालच्या अंगाला जमा होतो, आणि तिथे बहुधा ज्यांचा आवाज ग्रामसभेत कमी ऐकला जातो त्यांची घरं असतात. वरच्या आळीचं सांडपाणी खालच्या वस्तीच्या दारात नेऊन सोडणं हा विकास नाही, हे ठरावातच लिहून घ्यायला हवं. शिवाय बंदिस्त गटारात गाळ साचला की दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून कोणी काढत नाही. गटार करायचंच असेल तर शेवटी प्रक्रिया काय आणि कुठे, हे एकाच अंदाजपत्रकात येऊ द्या. गटाराचं काम आधी करून ‘प्रक्रियेचं नंतर बघू’ म्हणणाऱ्या गावात ते ‘नंतर’ वर्षानुवर्षं येत नाही.

घरोघरी शोषखड्डे केले तर प्रकल्पाची गरजच काय?

कित्येक गावांत खरोखरच गरज नसते, आणि हे मोकळेपणानं सांगायला हवं. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं हद्दपार केली. ‘मॅजिक पिट’ किंवा ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ती पद्धत पुढे महाराष्ट्रभर गेली. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-गोटे आणि वरून झाकण. पाणी टाकीत पडतं, गाळ तळाशी राहतो आणि पाणी भोकांतून दगडांत व जमिनीत मुरतं. टाकी उघडून गाळ काढता येतो, हा तिचा नुसत्या दगड भरलेल्या खड्ड्यापेक्षा मोठा फायदा.

पण जमीन पाहिल्याशिवाय ठराव करू नका. मुरमाच्या जमिनीत पाणी झपाट्यानं मुरतं. काळी चिकण माती पावसाळ्यात फुगते, तिच्यातल्या भेगा मिटतात आणि खड्डा तुडुंब भरून वर येतो. कोकणात पावसाळ्यात भूजल इतकं वर येतं की खड्ड्यात बाहेरूनच पाणी शिरतं. नुसत्या कातळावर मुरायला जागाच नसते. हे तपासायला उपकरण लागत नाही. जागेवर हातभर खोल खड्डा घ्या, आदल्या दिवशी पाणी भरून माती पूर्ण भिजू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि पातळी किती उतरते ते पाहा. तासाभरात पाणी जागचं हललं नसेल तर तिथे शोषखड्डा चालणार नाही. गावाच्या तीन-चार वेगवेगळ्या भागांत ही चाचणी घ्या, कारण एकाच गावात वरची आळी मुरमावर आणि खालची काळ्या मातीत असते. अशा गावात निम्म्या घरांना शोषखड्डे आणि उरलेल्यांचं पाणी एकत्र करून त्यावर प्रक्रिया, असा मिश्र आराखडाच योग्य.

शोषखड्ड्यांनी डास आणि डेंग्यू जातात का?

डास नक्की कमी होतात, पण सगळे नाही. क्युलेक्स डास घाण साचलेल्या पाण्यात वाढतो. रात्री चावणारा आणि हत्तीरोग पसरवणारा तो हाच. गटारं कोरडी पडली की त्याची पैदास थांबते. डेंग्यू पसरवणारा एडिस मात्र घरातल्या रांजणात, टाकीत, टायरमध्ये आणि फ्रिजखालच्या ट्रेमध्ये, म्हणजे साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्यासाठी आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याला पर्याय नाही.

‘प्रगत प्रक्रिया’ म्हणजे नेमकं काय?

पहिल्या पायरीत जाळी आणि टाकी लावून तरंगणारं व बसणारं बाजूला काढतात. दुसऱ्या पायरीत जिवाणूंकडून पाण्यात विरघळलेली सेंद्रिय घाण खाववतात. ही घाण बीओडी या मापानं मोजतात. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाणार, ते बीओडीवरून कळतं. बीओडी जास्त असलेलं पाणी ओढ्यात गेलं की ओढ्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. घरगुती मैलापाण्याचा बीओडी लिटरला 200 ते 300 मिलिग्रॅमच्या आसपास असतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 2017 च्या अधिसूचनेनुसार महानगरांबाहेर तो प्रक्रियेनंतर 30 पर्यंत यायला हवा.

त्यापुढचं सगळं ‘प्रगत’ या नावाखाली येतं: नायट्रोजन आणि फॉस्फरस काढणं, बारीक गाळणी आणि रोगजंतूंचा नाश. नाव मोठं आहे म्हणून यंत्रही मोठंच लागतं, असं नाही. नायट्रोजन काढणारे जिवाणू वाळूच्या थरात राहतात तसे स्टीलच्या टाकीतही राहतात.

आमच्यासारख्या लहान गावाला प्रगत प्रक्रिया लागते का?

पाणी शेवटी कुठे जातं, यावर ते अवलंबून आहे. ओढा तीन-चार किलोमीटरवर पाझर तलावाला मिळत असेल, त्या तलावाखालच्या विहिरीवर दुसऱ्या गावाची नळयोजना असेल, तर रोगजंतू आणि नायट्रेट काढणं तुमचं कर्तव्य आहे. खालचं गाव तेच पाणी पितं. पाणी धरणाच्या फुगवट्यात जात असेल तर फॉस्फरसचाही विचार हवा. उजनीसारख्या जलाशयांचं हिरवं पाणी आणि नद्यांवर पसरणारी जलपर्णी वरून येणाऱ्या पोषकद्रव्यांवर पोसली जाते. त्यातला मोठा वाटा शहरांचा आहे हे खरं, पण काठावरचं गावही त्यात भर घालतंच.

आणि सगळं पाणी गावाच्याच शेतात, झाडांना मुरणार असेल, तर नायट्रोजन-फॉस्फरस काढायला पैसे घालणं चुकीचं आहे. तेच द्रव्य तुम्ही युरिया आणि डीएपीच्या गोणीतून विकत आणता.

कंपनीचे लोक एमबीबीआरचा तयार प्लांट दाखवून गेले. घ्यावा का?

तंत्र चांगलं आहे. टाकीत प्लास्टिकच्या लहान चकत्या तरंगत असतात, त्यांच्यावर जिवाणूंचा थर वाढतो, खालून ब्लोअरनं हवा सोडतात. कमी जागेत उत्तम पाणी मिळतं. मोठ्या सोसायट्या, रुग्णालयं आणि हॉटेलं यांना ते शोभतं, कारण तिथे पगारी ऑपरेटर असतो आणि वीज गेली तर जनरेटर असतो.

गावात काय होतं ते पाहा. समजा 3 एचपीचा एक ब्लोअर दिवसरात्र चालतो. त्याला रोज साधारण 54 युनिट, महिन्याला 1,600 च्या वर युनिट लागतात. पंप वेगळे. तुमच्या शेवटच्या बिलावरचा दर लावून हा आकडा पाणीपट्टीच्या वसुलीशेजारी लिहा. ज्या पंचायतीचं पथदिव्यांचं बिल थकतं, तिचा ब्लोअर किती महिने फिरेल? हवा बंद झाली की जिवाणू काही तासांत गुदमरू लागतात, टाकी सडते, वास सुटतो, शेजारी तक्रार करतात आणि कुलूप लागतं. असे कुलूपबंद प्लांट मी पाहिले आहेत. त्यातली यंत्रं बिघडलेली नव्हती. ती चालवण्याची सोय कोणी ठरवलीच नव्हती.

तरीही जागा अजिबात नसलेल्या, गावठाण कोंदटलेल्या बाजारपेठेच्या गावात यंत्र घ्यावं लागू शकतं. तेव्हा पुरवठादाराशी पाच वर्षांचं चालवणं आणि दुरुस्ती यांचा करार खरेदीच्या करारातच घाला, आणि रकमेचा चांगला भाग पाण्याच्या तपासणी अहवालांवर, टप्प्याटप्प्यानं द्यायचा ठेवा. ही अट घातली की किती विक्रेते टिकतात, त्यावरूनच बरंच कळतं.

वीज न लागणारी, तरी चांगलं पाणी देणारी पद्धत कोणती?

विकेंद्रित पद्धत, जिला अभियंते ‘डीवॉट्स’ म्हणतात. तिचे भाग गावातल्या गवंड्याला कळतील असे आहेत.

आधी जाळी आणि गाळटाकी. मग एकापाठोपाठ एक कप्पे असलेली झाकलेली टाकी, जिच्यात पाणी प्रत्येक कप्प्यात खाली उतरून तळाच्या गाळातून वर चढतं. त्या गाळात हवेविना जगणारे जिवाणू असतात आणि पाणी त्यांच्यातून जाताना ते घाण खातात. उष्ण हवेत हे काम झपाट्यानं होतं, म्हणून आपल्याकडचं हवामान या पद्धतीला अनुकूल आहे. नीट बांधलेल्या टाकीत साधारण 70 ते 80 टक्के बीओडी इथेच उतरतो. जमिनीला उतार असेल तर पंपसुद्धा लागत नाही.

त्यानंतर झाडांचा वाफा. साधारण दोन फूट खोल, तळ पाणी न झिरपणारा, खडीनं भरलेला. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून वाहतं, वर दिसत नाही, म्हणून डास होत नाहीत आणि वासही येत नाही. कर्दळ आणि पाणकणीस ही इथली हक्काची झाडं. त्यांची मुळं खडी मोकळी ठेवतात आणि मुळांभोवती थोडा प्राणवायू सोडतात. खरं काम खडीवर वाढलेला जिवाणूंचा थर करतो. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं विकसित केलेली फायटोरिड पद्धत याच तत्त्वावर आहे. आयआयटी मुंबईत विकसित झालेली सॉइल बायोटेक्नॉलॉजी म्हणजे मातीच्या थरातून पाणी गाळण्याची पद्धतही कमी विजेची आहे, पण तिला पाणी वर चढवायला पंप लागतो.

जागेचा ढोबळ हिशेब असा: वाफ्यासाठी माणशी अर्धा ते एक चौरस मीटर. 1500 वस्तीला 750 ते 1500 चौरस मीटर, म्हणजे साडेसात ते पंधरा गुंठे. टाक्या वेगळ्या. ही जागा एकाच ठिकाणी हवी असंही नाही. गावाचे तीन उतार असतील तर तीन लहान वाफे करा. त्यात नळी टाकण्याचा खर्च वाचतो आणि एक बंद पडला तरी दोन चालू राहतात.

काम सुरू असताना दोन गोष्टींकडे स्वतः उभं राहून लक्ष द्या. खडी धुतलेली आणि एकसारख्या मापाची हवी. क्रशरची धूळ मिसळलेली खडी टाकली तर वाफा वर्षभरात तुंबतो. दुसरं म्हणजे बाहेर पडणारी नळी वर-खाली फिरवता येईल अशी बसवून घ्या, म्हणजे वाफ्यातली पातळी हवी तशी ठेवता येते.

नुसती तळी खोदून चालणार नाही का?

जागा भरपूर असेल तर चालतं, आणि फार चांगलं चालतं. स्थिरीकरण तळ्यांच्या मालिकेत आधी खोल तळं, मग दीडेक मीटर खोलीचं, मग उथळ. शेवाळ प्राणवायू देतं आणि ऊन रोगजंतू मारतं. जंतांची जड अंडी दिवसेंदिवसांच्या संथपणात तळाशी बसतात. रोगजंतू मारण्यात तळी कित्येक यंत्रांपेक्षा सरस ठरतात. काठावरचं गवत काढणं, गप्पी मासे सोडणं आणि कुंपण घालणं एवढं न चुकता करा. कुंपण लहान मुलांसाठी आणि गुरांसाठी, दोघांसाठी.

नायट्रेट आणि फॉस्फरस कमी करायचे असतील तर या साध्या पद्धतीत काय बदल करायचा?

नायट्रोजनला दोन वेगळ्या परिस्थिती लागतात. आधी हवेत अमोनियाचं नायट्रेट होतं, मग हवेविना नायट्रेटचा वायू होऊन तो उडून जातो. वर सांगितलेला वाफा आडव्या प्रवाहाचा आहे. त्यात हवा कमी असते, म्हणून पहिली पायरी अडते. त्याच्या आधी उभ्या प्रवाहाचा वाफा बांधतात. त्यात वरून पाणी थांबून थांबून सोडतात, मधल्या वेळात खडीत हवा शिरते. उभा आणि आडवा असे दोन वाफे जोडले, आणि शक्य असल्यास थोडं पाणी परत सुरुवातीला वळवलं, की नायट्रोजन बराच उतरतो.

गावातल्या विहिरींवर याचा परिणाम दिसतो का ते जलजीवनच्या तपासणी किटनं पाहता येतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात दूध कालवून तान्ह्या बाळाला दिलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट त्याचं प्रमाण वाढतं. आशाताईंनी हे घरोघरी सांगायलाच हवं.

फॉस्फरस अवघड आहे, कारण तो वायू होऊन जात नाही. कुठेतरी धरूनच ठेवावा लागतो. तुरटीनं तो खाली बसवता येतो, पण गाळ वाढतो. कोकणात जांभ्याचा चुरा हा चांगला उपाय आहे. त्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फरस पकडतं. काही वर्षांनी त्याची क्षमता संपते, मग चुरा बदलायचा. सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे पाणी पिकाला देणं.

हे पाणी कोणत्या पिकांना द्यावं?

बांबू, हत्ती गवत, फळझाडं, झेंडूसारखी फुलं, गावाच्या रस्त्याकडची झाडं. कोथिंबीर, मेथी, मुळा, काकडी असं कच्चं खायचं काही नको. ठिबकनं मुळाशी दिलं तर पाणी पानाफळांना आणि माणसाच्या हाताला लागत नाही. काढणीपूर्वी काही दिवस पाणी थांबवलं तर उन्हानं बरेच जंतू मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शनात सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे जंताचं एकाहून जास्त अंडं नसावं, असं म्हटलं आहे. पाणी देणाऱ्याला गमबूट आणि साबण, हे पंचायतीनं पुरवावं.

‘घाणीचं पाणी शेतात नको’ असा विरोध पहिल्या ग्रामसभेत हमखास होतो. त्या भावनेचा मान ठेवा. आधी शाळेच्या किंवा स्मशानभूमीच्या झाडांना वर्षभर द्या, लोकांना बघू द्या.

शेवटी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं की पाणी निर्जंतुक होईल ना?

पाणी निवळ असेल तरच. गढूळ, घाण पाण्यात क्लोरीन घाणीशीच झगडण्यात खर्च होतो आणि जंतू कणांच्या आड वाचतात. आधी वाळूची गाळणी, मग टीसीएल, मग अर्धा तास संपर्क. आणि टीसीएल कधीही वाफ्याच्या किंवा टाकीच्या आधी टाकू नका, काम करणारे जिवाणूच मरतील. घरात फरशी पुसायचं ॲसिड गटारात ओतण्याचंही तेच.

टाकीतला गाळ कोण काढणार?

टाकीत माणूस उतरणार नाही. कोणत्याही कारणानं, कितीही मजुरी देऊन, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात. पहिला माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एका टाकीत तीन-तीन जीव असेच जातात. माणसाकडून मैला साफ करून घेण्यावर 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, आणि जबाबदारी काम सांगणाऱ्यावर येते.

कायद्याच्याही आधीची गोष्ट आहे. हे काम गावानं पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घरांवर लादलं. नवा प्रकल्प बांधताना ते जातीचं ओझं पुन्हा त्याच घरांवर टाकलं जात असेल, तर त्या प्रकल्पाला प्रगत म्हणता येणार नाही. गाळ यंत्रानं, दर दोन-तीन वर्षांनी, ठरलेल्या दिवशी उपसायचा. तालुक्यातल्या चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून व्हॅक्युम टँकर ठरवला तर दर परवडतो. टँकरवाला गाळ कुठे रिकामा करतो याची पावती घ्या. ओढ्यात किंवा कुणाच्या शेताच्या बांधाला सोडला तर सगळी मेहनत फुकट. गाळ वाळवण्याचे वाफे आणि त्यानंतर शेणकचऱ्याबरोबर कंपोस्ट, हा योग्य शेवट.

पैसे कुठून येतात?

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा 2 मध्ये सांडपाण्यासाठी 5000 पर्यंतच्या गावाला माणशी 280 रुपयांपर्यंत आणि मोठ्या गावाला 660 रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. त्यातले 70 टक्के मिशनचे आणि 30 टक्के 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतले. 1500 वस्तीला हे 4,20,000 रुपये होतात: 2,94,000 आणि 1,26,000. वित्त आयोगाच्या 2021-26 च्या अनुदानात 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्याच कामांसाठी राखीव होती, निम्मी पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. सध्याचं परिपत्रक कोणतं लागू आहे, ते जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता कक्षात पाहूनच आराखडा करा.

4,20,000 मध्ये पूर्ण गावाला गटार आणि वाफा होत नाही. म्हणूनच जिथे मुरतं तिथे शोषखड्डे आणि फक्त उरलेल्या पाण्यासाठी वाफा, हा क्रम मी आग्रहानं सांगतो. देखभालीला योजना पैसे देत नाही, ते पाणीपट्टीतून काढावे लागतात. पट्टी वाढवायचा ठराव प्रकल्पाच्या ठरावाबरोबर, एकाच ग्रामसभेत घ्या.

जागा गायरानात आहे. चालेल का?

जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना काम सुरू करू नका. आणि पूररेषेच्या आत बांधू नका.

पावसाळ्यात आणि जत्रेच्या दिवसांत काय करायचं?

छपराचं पावसाचं पाणी सांडपाण्याच्या नळीला जोडू देऊ नका, एका रात्रीत टाकीतला जिवंत गाळ वाहून जातो. वाफ्याआधी जादा पाणी बाजूला काढणारी वाट ठेवा. जत्रेसाठी टाक्या मोठ्या बांधणं परवडत नाही. तेव्हा फिरती शौचालयं मागवा आणि त्यांचा मैला या टाकीत रिकामा करू देऊ नका. गुऱ्हाळ, दूध संकलन केंद्र, गाड्या धुण्याचं सेंटर यांचं पाणीही घ्यायचं नाही. गुऱ्हाळाच्या मळीनं तर चांगली चाललेली टाकी आंबून जाते.

प्रकल्प नीट चाललाय हे आम्हाला कसं कळणार?

दर आठवड्याला आत येणारं आणि बाहेर पडणारं पाणी काचेच्या दोन बाटल्यांत घ्या, शेजारी ठेवून फोटो काढा, तारीख लिहा. बाहेरच्या बाटलीतून पलीकडचं छापील अक्षर वाचता यायला हवं, आणि सडक्या अंड्यासारखा वास नको. वाफ्यावर पाणी दिसू लागलं तर सुरुवातीची खडी तुंबली आहे. सहा महिन्यांतून एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून बीओडी आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) तपासून घ्या. कोलिफॉर्म 100 मिलिलिटरला 1,000 च्या आत हवेत. अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

गावात आधीचा प्रकल्प बंद पडून आहे. नवीन मागावा का?

आधी जुना उघडून बघा. झाकणं काढून दिवसभर हवा खेळू द्या, आत कोणी उतरू नका, टँकरनं गाळ उपसा. पाणी मुळात तिथवर पोचतं का ते पाहा. पुष्कळदा चढावरची एक नळी तुंबलेली किंवा रस्त्याच्या कामात फुटलेली असते. टाक्यांची बांधणी बहुधा शाबूत असते. वाफ्याच्या सुरुवातीची दोन-तीन मीटर खडी काढून धुवा, परत भरा, गावातल्याच परसातले कर्दळीचे कंद लावा. यंत्राचा प्लांट असेल तर त्याच टाक्यांना आडभिंती घालून कप्प्यांची टाकी करता येते का, हे जिल्हा परिषदेच्या अभियंत्याला लेखी विचारा. टाकीत ताज्या शेणाचा काला घातला तर जिवाणू लवकर रुजतात. तरीही पाणी सुधारायला दोन-तीन महिने लागतात, तोवर ‘चालत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. आणि चावी कोणाकडे राहणार, त्याला महिन्याला किती मानधन, हे काम सुरू करण्याआधीच्या ठरावात नावानिशी लिहा.